पोरगा खेळतो म्हणून पाठ दुखते, हे वाक्य आम्ही तीन महिने ऐकलं

बाल्कांववाला

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, खूप दिवसांनी धागा काढतोय. आरोग्यात टाकू की क्रीडामध्ये ते कळेना, अॅडमिनना वाटलं तर हलवा.

आमचा धाकटा १७ वर्षांचा, अकरावीत, हायर सेकंडरीच्या टीममध्ये डिफेन्सला खेळतो. राहायला डिचोली तालुक्यात. गेल्या वर्षी जूनच्या शेवटी चिखलातली प्रॅक्टिस सुरू झाली आणि आठवड्याभरात पाठ दुखते म्हणायला लागला. कुठे, तर बरगड्या संपतात तिथे, मधोमध, कण्यावरच. कोच म्हणाले मसल पुल. फॅमिली डॉक्टर म्हणाले मसल पुल, गोळ्या आणि जेल. फिजिओकडे बारा बैठका, तिथेही मसलच. एक्सरे काढला, नॉर्मल. मग तर आमची खात्रीच पटली की पोराला अभ्यास नको आहे म्हणून नाटकं.

चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरचं फळापानांचं छत, बांधायला दर वर्षी हाच स्टुलावर चढतो. गेल्या वर्षी चढला, सुपारीचं एक शिपटं बांधलं आणि उतरून सरळ जमिनीवर बसला. आरतीला घुमट वाजवलं ते उभ्यानंच. आम्ही सगळे हसलो, कॉलेजात गेल्यापासून नखरे वाढले म्हणालो.

मग एकदा पहाटे तीनला मी पाणी प्यायला उठलो तर हा बाहेर बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, सोप्यावर ताठ बसलेला, दोन्ही हात बाजूला टेकून, जसं काय स्वतःचं वजन हातांवर तोलून धरलंय. म्हटलं किदें जालें रे? तर म्हणाला, "निजलं की जास्त दुखतं, बसलं की बरं वाटतं." किती दिवस? तर म्हणाला महिना झाला असेल. महिना!! एका घरात राहून.

पुढचं थोडक्यात. दुसऱ्या डॉक्टरांनी कण्यावर बुक्कीने हळू ठोकून बघितलं, तो ओरडला. ईएसआर नावाची रक्ताची तपासणी केली, ८४ आला, म्हणजे बराच वाढलेला. त्याच आठवड्यात एमआरआय. डी१२ आणि एल१ दोन्ही मणके पोखरलेले, बाजूला पू साठून खाली सोआस नावाच्या स्नायूत उतरलेला. सीटीखाली सुई घालून नमुना काढला, सीबीनॅट ह्या टीबीचा जंतू शोधणाऱ्या तपासणीत टीबी निघाला. मणक्याचा टीबी. खोकला नाही, छातीचा एक्सरे स्वच्छ, घरात कोणाला कधी टीबी नाही.

आता उपचार चालू आहेत, बरा होतोय, त्याची काळजी नको. माझा प्रश्न वेगळा आहे. हे कोणी ओळखायला हवं होतं? मला तरी वाटतं कोचनी. पोराला रोज दोन तास तेच बघत होते.

सोलकढी

बापरे. पोराला लवकर आराम पडो. पहाटे तीनला बाल्कांवात एकटा बसलेला मुलगा डोळ्यासमोरून हलेना.

निवृत्त शिट्टी

मी ३१ वर्षं पीटी मास्तर होतो, फुटबॉल आणि कबड्डी दोन्ही शिकवलं, म्हणून राग न धरता लिहितो. माझ्याकडे एका वेळी चाळीस पोरं असायची. दर आठवड्याला पाच जणांची पाठ दुखायची, तीन जणांचा गुडघा, आणि परीक्षेच्या आधी सगळ्यांचंच सगळं. कोचला काय एक्सरेचे डोळे असतात? आणि तुमचा एक्सरेही नॉर्मलच आला ना शेवटी. डॉक्टरला जे दिसलं नाही ते शिट्टी वाजवणाऱ्याने बघावं ही अपेक्षा जरा जास्त होते. पालक एका छपराखाली राहून महिनाभर झोपलेले, आणि दोष मैदानाचा.

सोलकढी

सर, जरा हळू. माणूस आधीच त्रासात आहे.

बाल्कांववाला

नाही नाही, बोलू दे. बरोबरच बोलताहेत थोडं.

हाडं जोडणारा

मी ऑर्थो आहे, त्यामुळे लिहितो. धागाकर्त्याने नोंदवलेली प्रत्येक गोष्ट पुस्तकात आहे, पण ओपीडीत समोर दणकट पोरगा उभा असला की पुस्तक आठवत नाही हे मी स्वतःवरून सांगतो. १७ वर्षांचा खेळाडू, पाठ दुखते, शंभरातले बहुतेक वेळा स्नायू किंवा सांधाच असतो आणि काही आठवड्यांत बरा होतो. म्हणून निवृत्त शिट्टींचंही चूक नाही, सगळ्यांचे एमआरआय काढत बसायचं नसतं.

फरक दुखण्याच्या जागेत कमी आणि स्वभावात जास्त असतो. स्नायूचं दुखणं खेळलं की वाढतं, पडून राहिलं की उतरतं, आणि दोन-तीन आठवड्यांत दिवसागणिक नाही तरी आठवड्यागणिक कमी होतं. संसर्गाचं दुखणं आरामाला जुमानत नाही. रात्री उठवतं. आठवड्यागणिक वाढतं. त्यात वजन उतरलं असेल, जेवण कमी झालं असेल, संध्याकाळी अंग कसकसत असेल तर विचारायलाच नको.

आता तीन गैरसमज, जे मलाही शिकताना होते. एक, ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही. साफ खोटं. जंतूंमुळे होणाऱ्या मणक्याच्या संसर्गात निम्म्याच्या आसपास लोकांना ताप नसतो, टीबीत तर अजून मुळमुळीत असतो. त्यातून पोरगं दिवसाला दोन वेदनाशामक गोळ्या खात असेल तर असलेला तापही त्या गोळीखाली दडतो. दोन, एक्सरे नॉर्मल म्हणजे मणका नॉर्मल. हाडातलं साधारण ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्सरेत धड काही दिसत नाही, सुरुवातीचे आठवडे तो नॉर्मलच असतो. तीन, खोकला नाही म्हणजे टीबी नाही. फुप्फुसातून किंवा गाठीतून रक्तावाटे जंतू मणक्यात जातो, मूळ जागा कधीच कुरकुर करत नाही. हाडांच्या टीबीत निम्म्या केसेस मणक्याच्याच असतात.

ईएसआर आणि सीआरपी ह्या साध्या रक्ताच्या तपासण्या, कुठल्याही लॅबमध्ये होतात. वाढलेल्या आल्या म्हणजे इन्फेक्शनच असं नाही, नॉर्मल आल्या म्हणजे शंभर टक्के सुटलो असंही नाही, पण "मसल आहे, अजून दहा दिवस बघू" म्हणणाऱ्या माणसाचा हात तिथे थांबतो.

आणि पायात जोर कमी वाटणं, चालताना अडखळणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, ह्यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात. दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट घ्यायची नाही.

किटली

डॉक्टरसाहेब उत्तम प्रतिसाद. आमच्याकडे ह्या सगळ्याच्या आधी काजू फेणीने चोळतात. ती पाठीला लागते थोडी आणि चोळणाऱ्याला जास्त, दोघांनाही बरं वाटतं. ह.घ्या.

अनघा फोंडा

मी घाबरून हा धागा तिसऱ्यांदा वाचतेय. माझी मुलगी १३ वर्षांची, जिम्नॅस्टिक्स करते. तीन आठवडे झाले, कमरेत खाली एका बाजूला दुखतं. मागे वाकली की जास्त. रात्री मात्र मेल्यासारखी झोपते, उठवावं लागतं शाळेला. जेवणही नीट. सर म्हणतात स्ट्रेचिंग वाढव. मी काय करू? टीबीची टेस्ट करून घेऊ का? तिच्या बाबांना सांगितलं तर ते म्हणाले तू फोरम वाचणं बंद कर.

हाडं जोडणारा

अनघाताई, न बघता निदान करत नाही, पण तुम्ही लिहिलेल्याचा रोख वेगळ्या दिशेला आहे. मागे वाकल्यावर दुखणं, कमरेत खाली, एका बाजूला, विश्रांतीत बरं, जिम्नॅस्ट किंवा फास्ट बोलर, हे ऐकलं की आधी मणक्याच्या मागच्या कमानीतला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, मनात येतो. बुमराची पाठ २०१९ मध्ये गेली ती स्ट्रेस फ्रॅक्चरनेच. तो टीबीसारखा आजार नाही, पण दाखवायला हवाच, आणि तोपर्यंत स्ट्रेचिंग वाढवू नका, उलट मागे वाकण्याचं सगळं बंद ठेवा. ह्या आठवड्यात कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवा.

मडगावची फिजिओ

वर "फिजिओकडे बारा बैठका" वाचून मी जरा दुखावले, मग वाटलं दुखावण्यासारखं काय आहे, बारा बैठका झाल्याच की.

आमच्या शिक्षणात हे असतं. पेशंट रात्री जागतो का, वजन उतरलं का, ह्यात कुठे अंगावर गळू-फोड झाली होती का, दात काढला होता का, हे पहिल्या दिवशी विचारायचं असतं. मी विचारते, पण खरं सांगते, रात्री दुखतं का असं विचारलं की पोरं "हो" म्हणतात कारण कुशी बदलताना कोणाचीही पाठ दुखते. म्हणून मी आता वेगळं विचारते. दुखण्याने उठतोस की कुशी बदलताना दुखतं? उठलास तर मग काय करतोस? जो "परत झोपतो" म्हणतो त्याची मला काळजी नसते. जो उठून बसतो, फेऱ्या मारतो, त्याला मी हात लावायच्या आधी डॉक्टरकडे पाठवते.

अजून एक, लहान मुलांसाठी. जमिनीवर नाणं टाकून उचलायला सांगायचं. ज्याचा मणका आजारी आहे तो कमरेतून वाकत नाही, पाठ काठीसारखी ताठ ठेवून गुडघ्यात बसतो आणि एक हात मांडीवर टेकून उचलतो. जुनी युक्ती आहे, पैसे लागत नाहीत. लागतं फक्त एक नाणं, तेही परत मिळतं.

बाल्कांववाला

फिजिओताई, तुमचं नाण्याचं वाचलं आणि मी फोनमधले जुने व्हिडिओ काढले. ऑगस्टमधली एक मॅच आहे, मीच शूट केलेली. थ्रो-इनला बॉल उचलताना तो अगदी तसाच बसतोय. ताठ. एकदा नाही, चार वेळा. मी मागून ओरडतोय "लवकर रे लवकर".

पोटरीचा गोळा

माझी केस टीबीची नाही, दुसरी. मी तेव्हा २२ चा होतो, व्हॉलीबॉल. मांडीवर मोठं गळू आलं, स्वतःच पिळलं (हो माहीत आहे, शिव्या घालू नका), वर मित्राच्या रेझरने दाढी, एकच टॉवेल चौघांत. गळू बसलं. तीन आठवड्यांनी कंबर अशी धरली की बेडवरून उतरताना भिंतीला धरून रडायचो. ताप होता पण मधूनमधून. एका दवाखान्यात अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स दिला, बरं वाटलं, परत दुखलं, दुसरीकडे दुसरा कोर्स, परत बरं, परत दुखलं. शेवटी एमआरआयमध्ये एल३-एल४ च्या मधली डिस्क आणि आजूबाजूची हाडं संसर्गाने सुजलेली. पण आता कुठला जंतू हे कळायला कल्चर लावलं, म्हणजे नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघितला, तर काही उगवेना, कारण मी आधीच अर्धीमुर्धी औषधं खाऊन बसलेलो. दोन वेळा सुई टोचावी लागली तेव्हा स्टॅफ नावाचा जंतू सापडला. मग सहा आठवडे अँटिबायोटिक, त्यातले सुरुवातीचे शिरेतून.

तेव्हापासून माझा टॉवेल कोणी घेतला तर मी भांडतो. बायको म्हणते लग्नात मी मंगळसूत्र दिलं आणि टॉवेल दिला नाही.

हाडं जोडणारा

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. पेशंट स्थिर असेल, पायात जोर शाबूत असेल, तर आधी रक्ताचं कल्चर आणि नमुना, मग औषध, हा क्रम असतो. आपल्याकडे उलटा होतो. टीबीबद्दलही तेच, साध्या तापाला म्हणून दिलेली काही अँटिबायोटिक्स टीबीच्या जंतूला अर्धवट दाबतात, चार दिवस बरं वाटतं आणि निदान महिनाभर लांबतं.

सकाळी कडक

थोडं उलट मत. मलाही विसाव्या वर्षापासून रात्री पाठ दुखायची, पहाटे तीन-चारला उठून मी पण फेऱ्या मारायचो. ईएसआर पण वाढलेला. दीड महिना टीबीच्या संशयावर काढला, आईने नवस बोलून झाले. निघालं अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. संधिवाताचा प्रकार. तेव्हा रात्री दुखतं म्हणजे इन्फेक्शन असं पसरवू नका, ह्या धाग्यावरून चार लोक उद्या टीबीची औषधं मागायला जातील.

मडगावची फिजिओ

बरोबर. पण एक विचारते, फेऱ्या मारल्यावर तुम्हाला बरं वाटायचं?

सकाळी कडक

हो. चाललो की सुटायचं. सकाळी तासभर लाकूड, मग ग्राउंडवर पळून आलो की माणूस. म्हणूनच आयडी.

मडगावची फिजिओ

तोच तर फरक. तुमचा हालचालीने सुटतो, ह्यांच्या मुलाचा हालचालीनेही दुखायचा आणि पडूनही.

हाडं जोडणारा

आणि रात्रीच्या दुखण्यात क्वचित हाडाची गाठही निघते. म्हणून नावं शोधत बसू नका, रात्रीची झोप मोडणारी पाठ तपासून घ्या इतकंच. नाव आम्ही शोधू, त्याचेच पैसे घेतो.

गुरांचा डॉक्टर

मी सत्तरी तालुक्यात असतो, नावाप्रमाणे गुरांचा डॉक्टर. धाग्यात एक पाहुणा राहिला म्हणून लिहितो, ब्रुसेला, गुरांकडून माणसात येणारा जंतू. गाभण गाय अवेळी गाभटली की बऱ्याचदा ह्याचा संशय घ्यावा लागतो. माणसाला होतो तो कच्च्या दुधातून, नाहीतर वार काढताना, वासरू ओढताना उघड्या हातांनी. चढउतार होणारा ताप, घाम, सांधे, आणि कमरेचा मणका किंवा माकडहाडाशेजारचा सांधा. पहिलवान आणि कबड्डीवाली पोरं ताकद येते म्हणून धारोष्ण दूध पितात, मला बघवत नाही. उकळा. दुधाला उकळी आल्याने ताकद उडून जात नाही, ब्रुसेला उडतो.

डॉक्टरसाहेबांना विनंती, खेड्यातलं पोरगं आलं तर घरी गुरं आहेत का विचारत चला. औषध वेगळं असतं आणि तेही काही महिने चालतं.

किटली

म्हणजे फेणी सुरक्षित आणि दूध धोकादायक. इतकी वर्षं मी हेच सांगत होतो घरी.

गुरांचा डॉक्टर

तुमच्या लिव्हरचा धागा वेगळा काढू.

पेडण्याचा राइट विंग

अवांतर आहे पण चिखलावरून आठवलं. आम्ही पावसात शेतात खेळायचो, गुडघे कायम सोललेले, वर तेच पाणी. त्या मातीतून काही होतं का? की उगाच?

हाडं जोडणारा

उगाच नाही. किनारपट्टीच्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात एक जंतू असतो, मेलिऑयडोसिस नावाचा आजार करतो, मंगळूर-उडुपी पट्ट्यात पावसाळ्यात त्याचे रुग्ण दिसतात. बहुतेक मधुमेही किंवा आधीच आजारी माणसं, धडधाकट पोरांना क्वचित. तोही हाडात जाऊ शकतो, आणि लॅबमध्ये दुसराच जंतू समजून सुटूनही जाऊ शकतो. म्हणून पावसात खेळणं बंद करा असं मी गोव्यात म्हणणार नाही, मला इथे प्रॅक्टिस करायची आहे. खेळून झालं की जखमा साबणाने धुवा, गळू पिळू नका, टॉवेल-रेझर आपापला.

सोलकढी

टीबीचं एक विचारते. आमच्या वाड्यावर एका मुलीला गळ्याच्या गाठीचा टीबी झाला तर लोकांनी तिच्या घरची चहाची कपं बाजूला ठेवली होती. तुमच्या मुलाला असं काही झालं का?

बाल्कांववाला

झालं ना. टीममधल्या दोघांच्या घरून निरोप आला की बाटली वेगळी ठेवायला सांगा. तो आधीच खेळत नव्हता, नुसता बेंचवर बसायला जायचा, ते पण सोडलं. आमच्या डॉक्टरांनी मग कोचना फोन करून समजावलं की फुप्फुसात टीबी नाही, मणक्यातला टीबी श्वासातून किंवा बाटलीतून पसरत नाही. कोच चांगले निघाले ह्या बाबतीत, दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ह्याच्याच बाटलीतून पाणी प्यायले. हे मी वर लिहायला हवं होतं.

त्यावेळी अमिताभचं उपयोगी पडलं. २००० साली त्यालाही मणक्याचाच टीबी झाला होता, त्याने स्वतः जाहीर सांगितलंय. आजी सगळ्यांना तेच सांगत फिरते, जसं काय दोघं एकाच वॉर्डात होते.

औषधं सरकारी, फुकट, पोषणाचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, निक्षय ह्या सरकारच्या टीबी पोर्टलवर नोंद झाली की. १२ महिन्यांचा कोर्स. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा तो बाथरूममधून किंचाळला, रिफाम्पिसिनने होते ते कोणी सांगितलंच नव्हतं. डोळ्यांचीही तपासणी करायला लावतात मधूनमधून, एका औषधाने लाल-हिरवं ओळखण्यात फरक पडू शकतो म्हणून. तो म्हणतो रेफ्रीला पण हीच टेस्ट लावा. ऑपरेशन लागलं नाही, पायांत जोर शाबूत होता. पट्टा घालतो.

निवृत्त शिट्टी

सगळ्यांसमोर त्याच बाटलीतून पाणी प्यायलेल्या कोचला माझा नमस्कार कळवा.

आणि माझा पहिला प्रतिसाद जरा उद्धट होता. काढून टाकत नाही, लिहिलं ते लिहिलं. पण काल रात्री मला एक मुलगी आठवली, कबड्डीतली, नाव सांगत नाही. चांगली रेडर. एक सीझन सारखी पाठ धरून बसायची, मी तिला सगळ्यांसमोर "म्हातारी" म्हणायचो. पोरं पण म्हणायची मग. नंतर ती यायची बंद झाली आणि मी कधी चौकशी केली नाही. काय होतं तिला मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल.

सोलकढी

:(

अनघा फोंडा

अपडेट द्यायला आले. दाखवलं. एमआरआय झाला, एल५ ला डाव्या बाजूला स्ट्रेस फ्रॅक्चर, सुरुवातीचा आहे म्हणाले. ईएसआर सीआरपी दोन्ही नॉर्मल. तीन महिने जिम्नॅस्टिक्स बंद, मग हळूहळू व्यायाम. रडून गोंधळ घातला तिने, स्पर्धा होती पुढच्या महिन्यात. पण हाडं जोडणारे डॉक्टर, तुम्ही मागे वाकायचं बंद ठेवा म्हणालात त्याच दिवशी मी सरांना सांगितलं होतं, आणि बघणारे डॉक्टर म्हणाले तेच बरं केलंत. देव बरें करूं. तिच्या बाबांनी आता स्वतः फोरमवर अकाउंट उघडलंय.

किटली

त्यांना सांगा आरोग्य विभागापेक्षा पाककृती विभाग जास्त सुरक्षित आहे.

मडगावची फिजिओ

अनघाताई, तीन महिन्यांनी परत सुरू करताना घाई करू देऊ नका, सरांनाही नाही.

मूळ प्रश्नाकडे येते. कोणी ओळखायला हवं होतं? माझं उत्तर, आम्ही. फिजिओनी. चौथ्या बैठकीला सुधारणा शून्य असेल तर पाचवी घ्यायचीच नाही, परत पाठवायचं. बारा हा आकडा मला अजून टोचतोय.

पोटरीचा गोळा

असहमत. फॅमिली डॉक्टर. शर्ट वर करून पाठीला हात लावायला एक मिनिट लागतं. माझ्या वेळी तिसऱ्या डॉक्टरने पहिल्यांदा हात लावला.

बाल्कांववाला

मंडळी, हा धागा मी काल पोराला वाचायला दिला. त्याने सगळा वाचला, फेणीच्या जोकवर हसला, आणि मग म्हणाला, "बाबा, तुम्ही सगळे एकमेकांशी भांडताय, मला कोणी विचारलं नाही."

म्हटलं सांग. तर म्हणाला त्याला जुलैपासूनच कळलं होतं की हे नेहमीचं नाही. मोजे घालायला वाकता येत नव्हतं, बहिणीकडून घालून घ्यायचा, तिला दर वेळी एक चॉकलेट. पण सुब्रतो कप ह्या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेच्या टीमची निवड चालू होती. म्हणून प्रॅक्टिसला जायच्या आधी एक गोळी आणि मॅच असेल तर दोन. घरात तर गोळ्या मोजून ठेवलेल्या असायच्या, मग ह्या कुठून? तर टीमचा स्ट्रायकर द्यायचा. त्याच्या किटबॅगेत पाकीट कायम असायचं, बुटांच्या आत सरकवलेलं.

तर कोच, डॉक्टर, फिजिओ आणि मी, चौघांनाही जे दिसत होतं ते गोळीनंतरचं होतं. माझा प्रश्न मी मागे घेतो.

सोलकढी

एक मिनिट. तो स्ट्रायकर स्वतः कशासाठी ठेवायचा ती पाकिटं?

बाल्कांववाला

.... हे मी विचारलंच नाही. थांबा, कोचना फोन लावतो.